नारळ, टोपी, टॉवेल

दिवाळी अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला की, दत्तोबा, तीस-बत्तीस वर्षं टॅक्सी चालवलीत, मोठमोठी माणसं गाडीत बसली असतील, त्यांच्यावर काहीतरी लिहा. बसली की. मंत्री बसले, कारखान्याचे गोरे साहेब बसले, नाटकातल्या बायका बसल्या. पण मोठी माणसं गाडीत बसली की दहा मिनिटांत झोपतात आणि तोंड उघडं टाकून झोपतात, यापलीकडं मला त्यांच्याबद्दल काही ठाऊक नाही. ड्रायव्हरला आरशात माणसाचं नुसतं कपाळ दिसतं. कपाळावर किती पानं लिहिणार?

शिवाय मी आता दमलोय. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला, कंबरेचं तर नावच काढू नका. संत तुकाराम नगरात मुलाच्या दोन खोल्या आहेत, तिथं खिडकीपाशी बसतो आणि खाली रिक्षावाल्यांची भांडणं ऐकतो. परवा त्यातला एकजण दुसऱ्याला सांगत होता, एजंटाकडं कागद दिले, आठ दिवसांत बॅज घरपोच. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मला बिल्ला कसा मिळाला ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही, मुलालासुद्धा नाही. त्यात माझी लाज आहे. तीच लिहितो, म्हणजे संपादकांचंही काम होईल आणि माझंही.

आधी थोडं धंद्याचं सांगायला हवं. गाडीचं साधं लायसन असतं, त्यावर स्वतःची नाहीतर मालकाची गाडी चालवता येते. पण भाडं देऊन बसणारा उतारू मागं बसवायचा तर त्या लायसनवर वेगळा शिक्का लागतो आणि शर्टावर नंबराचा पितळी बिल्ला लागतो. तो बिल्ला म्हणजे सरकारनं दिलेली हमी, की या माणसाला डोळ्यांनी नीट दिसतं, याला रस्ते ठाऊक आहेत, हा पीत नाही आणि तुमची ट्रंक घेऊन पळणार नाही. त्यासाठी तीन नाकी ओलांडायची. डॉक्टरचा दाखला, पुण्याच्या कचेरीत साहेबांपुढं परीक्षा, आणि गावात पोलिसांची चौकशी. बिल्ल्याशिवाय भाडं मारताना सापडला तर होतं ते लायसनही जायचं.

माझं गाव चाकणच्या पलीकडं, भामा नदीच्या अंगाला. खाजगी सर्व्हिस मोटारी बंद पडून सरकारी एसटी सुरू झाली, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी सर्व्हिस मोटारीवर क्लीनर होतो, ड्रायव्हरच्या मेहरबानीनं चाक धरायला शिकलो होतो आणि साधं लायसनही काढलं होतं. मोटारी बंद झाल्या तसा घरी बसलो. मग चाकणच्या कांद्याच्या बाजारातल्या एका अडत्या शेठनं मला ठेवून घेतलं. त्याच्याकडं काळी, लांबडी, जुनी अमेरिकन गाडी होती. पुढून हँडल मारल्याशिवाय ती जागची हलायची नाही, आणि हँडल उलटं फिरलं तर मनगट गेलंच म्हणून समजा.

आजूबाजूच्या आठ-दहा गावांत ती एवढीच मोटार. त्यामुळं कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, कुणी विहिरीत पडलं, कुणाची बाळंतीण अडली, की माणसं धावत शेठकडं यायची. शेठ मनाचा मोठा. म्हणायचा, पेट्रोल माझं, हात तुझे, आजारी माणसाला नाही म्हणू नकोस. मी कुणाला नाही म्हटलं नाही. आणि कुणाकडून पैसाही घेतला नाही, ते शेठला चाललं नसतं.

पण आमच्या भागात एक रीत आहे. कुणी आपल्या घरचं अवघड काम केलं तर त्याला नुसतं तोंडानं बरं केलंस म्हणून सोडत नाहीत. चार माणसांदेखत त्याच्या हातात नारळ देतात, डोक्यावर टोपी घालतात, खांद्यावर टॉवेल टाकतात. गरिबातला गरीबही हे करतो. ते नाकारणं म्हणजे त्या घराचा अपमान. तीन-चार वर्षांत माझ्या घरी एक ट्रंक भरून टोप्या आणि टॉवेल झाले. माझी बायको अनुसया हुशार, तिनं सात-आठ टॉवेल पोटात घालून आईसाठी जाडजूड गोधडी शिवली. उरलेले तसेच घडी घालून ठेवले. आलेल्या-गेलेल्याला ती ट्रंक उघडून दाखवायची, हौसेनं.

त्यातला एक टॉवेल तात्यांचा होता. तात्या म्हणजे आमच्या गावचे पोलीस पाटील. उंच, वाळके, शब्दाला कडक. कुणाच्या घरी पाणी प्यायले तर दुसऱ्या दिवशी ताकाचा तांब्या पाठवणारे. त्यांची सून पार्वती अडली होती. सुईणीनं हात टेकले आणि भर दुपारी मी गाडी त्यांच्या दारात लावली. आत पार्वती, तिची सासू आणि सुईण. तात्या बाहेर फूटबोर्डावर उभे राहिले, दाराला धरून. तळेगावचा रस्ता तेव्हा निव्वळ दगडांचा. इंदोरीच्या अलीकडं वारा असा आला की तात्यांचं पागोटं उडालं आणि मागं धुरळ्यात जाऊन पडलं. मी ब्रेकवर पाय ठेवला. तात्या खिडकीतून एवढंच म्हणाले, "थांबू नगंस." पाटील माणूस बोडक्या डोक्यानं दवाखान्यात शिरला आणि बोडक्या डोक्यानंच दोन दिवस तिथं बसला. मुलगी झाली, बाळंतीण वाचली. त्या पागोट्याचा विषय गावात पुन्हा कुणी काढला नाही, काढायची कुणाची छातीच नव्हती. आठव्या दिवशी त्यांनी मला चावडीवर बोलावून नारळ, टोपी आणि लाल काठाचा टॉवेल दिला.

पुढं शेठचं वय झालं. त्यानं गाडी विकायला काढली आणि ती घेतली पिंपरीच्या कॅम्पातल्या टेकचंद नावाच्या एका सिंधी गृहस्थानं. फाळणीत सगळं टाकून आलेला माणूस. बराकीत राहायचा, कापडाचे गठ्ठे खांद्यावर टाकून दारोदार विकायचा. तेव्हा पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता, साहेब लोकांची ये-जा वाढली होती. टेकचंदनं टॅक्सीचा परवाना मिळवला होता आणि त्याला ड्रायव्हर हवा होता. मला म्हणाला, "दत्तू भाई, ये बुढी गाडी तुम्हारी सुनती है. बिल्ला ले आओ, तो गाडी तुम्हारे हाथ में. महीना भर रुकूंगा. फिर मुझे पूना से आदमी लाना पडेगा, मैं भी लाचार हूँ." माणूस खोटं बोलणारा नव्हता.

जमीन आम्हाला वाडवडिलांपासून नव्हतीच. घरात म्हातारी आई, बायको आणि मी. हातात एकच विद्या, ती म्हणजे ही गाडी. महिन्यात बिल्ला मिळाला तर पोटाची सोय, नाही तर दुसऱ्याच्या बांधावर खुरपं. मी अर्ज टाकला.

परीक्षेची मला फार धास्ती होती. पुण्याचे रस्ते ठाऊक नव्हते. चार दिवस भाकरी बांधून पायी पुणं हिंडलो. स्टेशनवरून कोर्ट, कोर्टावरून मंडई, कुठल्या पेठेतून कुठल्या पेठेत गाडी निघते आणि कुठं अडकते, सगळं पाठ केलं. परीक्षेचे साहेब चष्म्यातले, मितभाषी. त्यांनी मला पुलाच्या चढावर गाडी उभी करायला लावली, खाली उतरून मागच्या चाकाला टेकवून काडेपेटी ठेवली आणि म्हणाले, आता पुढं घे. गाडी बोटभर जरी मागं सरकली तर काडेपेटीचा चुरा. परीक्षेला आणलेल्या टेकचंदच्या गाडीचा हँडब्रेक नावालाच होता. मी क्लच कसा सोडला ते देवाला माहीत. साहेबांनी काडेपेटी उचलली, तिच्यातली काडी ओढून सिगरेट पेटवली आणि कागदावर खूण केली. मला वाटलं, जिंकली. राहिली होती ती गावची चौकशी, आणि तिची मला कसली काळजी? गावात माझ्याइतकं चांगलं नाव कुणाचं होतं?

चौकशीला पोलीस जमादार सायकलवरून आले, त्या दिवशी मी डॉक्टरचा दाखला कचेरीत द्यायला पुण्यात होतो. पुढचं मला नंतर जमादारांनीच सांगितलं. त्यांनी चावडीवर माणसं जमवली. आधी चारित्र्याचं विचारलं, त्यावर सगळ्यांनी माझे गोडवे गायले. मग फॉर्मावरचा प्रश्न आला. अर्जदारानं यापूर्वी बिगरपरवाना भाडं किंवा मोबदला घेऊन माणसं नेली आहेत काय? जमादार भला माणूस. त्यांनी उत्तर जवळजवळ तोंडात घालून दिलं. म्हणाले, पाटील, दत्तू तुम्हाला फुकटच नेत असणार ना?

झालं. तात्या ताठ बसले. "फुकट? जमादार, आमी काय भिकारी हाय व्हय? या गावात कुणी कुणाच्या गाडीत फुकट बसत न्हाई. माझी सून तळेगावला नेली, नारळ, टोपी, टावेल, सगळं रीतीनं दिलंय. लिवा."

जमादारांनी पेन खाली ठेवलं. दुसऱ्यांदा समजावून विचारलं की, म्हणजे तसं ठरवून काही घेतलं नाही ना त्यानं? तात्यांना वाटलं हा गावाला हलकं पाडतोय. त्यांनी एकेकाला उभं केलं आणि ज्यानं ज्यानं टॉवेल दिला होता त्याला त्याला लिहून द्यायला लावलं. सव्वीस घरं निघाली. कुणी मागं राहायला तयार नाही, मागं राहिला तो फुकट्या ठरणार. दोघं तर असे होते की ज्यांनी काहीच दिलं नव्हतं, त्यांनीही दिलं म्हणून सांगितलं. मग जमादार आमच्या घरी चहाला आले आणि अनुसयेनं मोठ्या हौसेनं त्यांना ट्रंक उघडून दाखवली. मुद्देमालसुद्धा आम्हीच हजर केला.

संध्याकाळी मी गावात पाय ठेवला तर तात्या वेशीपर्यंत सामोरे आले. एवढे खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, तुझं काम फत्ते, सव्वीस सह्या दिल्यात, माझी पहिली. आणि त्यांनी कसं खडसावलं ते सगळं सांगितलं. मी बरं म्हणालो आणि घरी गेलो. ट्रंकेकडं बघवेना.

चार दिवसांनी कचेरीत बोलावणं आलं. साहेबांनी जमादारांचा कागद वाचून दाखवला. टॉवेल नग सव्वीस, टोप्या नग सव्वीस, नारळ तितकेच. मी म्हणालो, साहेब, हा मान आहे, भाडं नाही. साहेब म्हणाले, मला कळतं. मीही खेड्यातलाच आहे. पण गावानंच हे मोबदला म्हणून सहीनिशी लिहून दिलंय, आणि कायद्यात मोबदला कापडाचा की पैशाचा असं लिहिलेलं नाही. हा कागद फाइलीत असताना मी बिल्ला दिला तर उद्या माझी मान अडकते. त्याच लोकांनी पुन्हा लिहून दिलं की दत्तूनं काही घेतलं नाही, तर बघतो. आठ दिवस थांबतो.

साहेबांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. माझा राग होता तो तात्यांवर.

तरी पहिल्यांदा मी हात जोडूनच गेलो. तात्या ओसरीवर सुतळी वळत बसले होते. पार्वती पोरीला मांडीवर घेऊन आतल्या दारात. मी सगळं समजावून सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं. आपलं बोलणं अंगलट आलं हे त्यांना कळलं, चेहरा उतरला. पण लिहून देतो म्हणेनात. म्हणाले, "दिलंय ते दिलंय, दत्तू. न्हाई दिलं म्हणून सरकारी कागदाव खोटी सही करू? मी पाटील हाय या गावचा."

मी पुन्हा विनवलं. ते पुन्हा तेच म्हणाले. टेकचंदचा महिना भरत आला होता, चार दिवसांचं पायी हिंडणं डोळ्यांपुढं होतं, ती काडेपेटी होती. माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो आणि जे कुणी कधी बोललं नव्हतं ते बोललो. "तात्या, सुनंसाठी पागोटं उडालं तवा गाडी थांबवू दिली न्हाई तुमी. बोडक्यानं फिरला दोन दिस. आन् माझ्या भाकरीसाठी चार अक्षरं लिवताना तुमचा मान आडवा येतोय?"

पार्वती आत निघून गेली. तात्यांच्या हातातली सुतळी तशीच राहिली. ते माझ्याकडं बघतही नव्हते. मी तरातरा पायऱ्या उतरलो. वाटेतच मला कळलं की आपण काय बोललो, पण परत फिरायला पाय वळले नाहीत. माझा स्वभावच तसा, पेटतो लवकर आणि विझल्यावर माफी मागायला तोंड उघडत नाही. या स्वभावानं आयुष्यभर मला ठकवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तात्या उभे. डोक्याला पागोटं, अंगात बाराबंदी, सणाला घालायची. अंगणात आणखी वीस-पंचवीस माणसं. मला वाटलं पंचायत बसवली. अनुसयेनं घोंगडं अंथरलं तर तात्या आत येईनात. अंगणातूनच मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"दत्तू, माझं दिलेलं परत दे."

आमच्याकडं दिलेलं परत मागणं याहून हलकी गोष्ट नाही. पोरंसुद्धा खेळताना त्यावरून चिडवतात. अंगणातली माणसं खाली बघायला लागली. तात्या पुढं म्हणाले, "परत घेतलं म्हंजे तुझ्याकडं काय ऱ्हायलं न्हाई. मग आमी फुकट बसलो, हे खरंच झालं की न्हाई? खऱ्याव सही करायला मला लाज न्हाई."

अनुसया रडायलाच लागली. ट्रंक बाहेर आली. एकेकानं पुढं होऊन आपापला टॉवेल ओळखून घेतला, टोपी घेतली. कुणाची टोपी मी वापरून मळवली होती, ती त्यानं तशीच घडी करून खिशात घातली. ज्या दोघांनी काहीच दिलं नव्हतं ते कोपऱ्यात उभे होते. एरवी त्यांची गंमत वाटली असती. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

तात्यांचा टॉवेल ट्रंकेत नव्हता. तो दणकट म्हणून अनुसयेनं आईच्या गोधडीत घातला होता, वरून दुसऱ्या थराला. मी म्हणालो, राहू द्या तात्या, दुसरा घ्या. ते म्हणाले, माझा तोच. आईनं आपणहून अंगाखालची गोधडी काढून दिली. अनुसया उंबऱ्यात बसून टाका न् टाका उसवायला लागली. गोधडीचे टाके बारीक असतात, तात्यांचा आणि त्यातले बाकीचे टॉवेल सुटे व्हायला दीड-दोन तास गेले. तात्या अंगणात उन्हात तसेच उभे. घोंगड्यावर बसले नाहीत, पाणी प्यायले नाहीत. मी समोर दाराला टेकून उभा. कालचं बोललो ते चुकलं, एवढं म्हणायला मला दोन तास मिळाले होते. मी म्हणालो नाही. त्याऐवजी काय विचारलं असेल? विचारलं, नारळ खाल्ले त्यांचं काय? तात्या म्हणाले, नारळ देवाचा, तो मोबदल्यात धरत न्हाईत, तसं लिवू.

शाळेच्या मास्तरांनी मजकूर लिहिला. आम्ही दत्तूच्या गाडीतून फुकट गेलो, दिलेलं कापड परत घेतलं, नारळ देवाचा असल्यानं त्यात धरू नये. तात्यांनी खाली मोडीत पहिली सही केली, मग बाकीच्यांनी.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. खरंच परत घेतलं का, विचारलं. मी हो म्हणालो. मग त्यांनी लायसनवर शिक्का मारला, कपाटातून बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, डाव्या बाजूला लावायचा, पुसून ठेवायचा, काळा पडलेला दिसला तर दंड करीन. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. आनंद व्हायला हवा होता. मला नुसती झोप येत होती.

पुढच्या आठवड्यात आम्ही पिंपरीला बिऱ्हाड केलं. टेकचंदनं गाडीला नारळ फोडला, त्याच्या बायकोनं सगळ्या कॅम्पाला गोड भात वाटला. धंदा लागला. कसली कसली गिऱ्हाइकं भेटली. माणचं एक वऱ्हाड होतं, नवऱ्याच्या मामानं एका गाडीत तेरा माणसं कोंबली आणि चौदावा मी बसतो म्हणाला. मी म्हणालो, बसा, मी उतरतो. कारखान्याचा एक परदेशी इंजिनियर होता, त्याला दर रविवारी चाकणचा किल्ला बघायला जायचं असे. तिथं बुरुजावर बसून चित्रं काढायचा आणि मी खाली गाडीत वाट बघायचो. वाट बघणं हाच या धंद्यातला मोठा भाग आहे, चालवणं थोडं. लोकांना वाटतं ड्रायव्हर गाडी चालवून थकतो.

किल्ला झाला की त्या साहेबाला पुढं नदीपर्यंत फिरायला आवडायचं. त्या रस्त्यावर आमच्या गावचा फाटा लागतो. फाट्यावरून देवळाचा कळस दिसतो, गाडीनं दोन मिनिटांची वाट. मी एकदाही आत वळलो नाही. भाडं मागं बसलंय, साहेबाला घाई आहे, परतताना जाऊ, असं दर खेपेला मनाशी म्हणायचो. खरं सांगायचं तर मला तोंड नव्हतं. अनुसया म्हणायची, जाऊन या, अवो, एकदा पाया पडून या. मी तिच्यावर खेकसायचो. दीड वर्ष असं गेलं.

मग एकदा चाकणच्या स्टँडवर गावचा एक माणूस भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, तात्या गेले की, महिना होऊन गेला, तुला ठाऊक न्हाई? मागं उतारू होता. त्याला मी पुण्याला सोडला. दुसऱ्या दिवशी टेकचंदला सांगून रिकामी गाडी घेऊन गावाकडं निघालो. फाट्यावर वळलो तेव्हा उजव्या हाताला पिंपळाचा पार लागला. तिथं कुणी नव्हतं.

पार्वती ओसरीवर धान्य निवडत होती. पोर तिच्या पदराला धरून चालायला लागली होती. मला बघून ती उठली, डोक्यावरचा पदर नीट केला, बसा म्हणाली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, मामंजी रोज संध्याकाळी फाट्यावरच्या पारावर बसायचे. मोठ्या रस्त्यानं काळी गाडी गेली की म्हणायचे, दत्तूची गाडी. आम्ही म्हणायचो, मग थांबला का न्हाई? तर म्हणायचे, भाडं असंल मागं, धंद्याची येळ हाय त्याची.

मी ओसरीच्या खांबाला धरून खाली बसलो आणि रडलो. पिंपरीला आल्यावर आई गेली, तेव्हाही एवढा रडलो नव्हतो.

पार्वती आत जाऊन कापडात बांधलेलं एक गाठोडं घेऊन आली. पण ते माझ्या हातात देईना. म्हणाली, "मामंजींनी सांगून ठेवलंय. आधी गाडीत बसायचं, मग द्यायचं. बसल्याबिगर दिलं तर ती भीक ठरंल. आन् आता त्याच्याकडं बिल्ला हाय, आता घ्यायला हरकत न्हाई, असं बोलले."

मी हँडल मारलं. ती पोरीला घेऊन मागच्या सीटवर बसली, तळेगावला जाताना बसली होती त्याच बाजूला. मी गाडी वेशीबाहेर काढली, फाट्यापर्यंत नेली, पाराला वळसा घातला आणि परत दारात आणून उभी केली. सगळा मिळून मैलभर रस्ता. उतरून मी मागचं दार उघडलं. बायामाणसं दारात जमली होती. पार्वती खाली उतरली, गाठोडं सोडलं आणि चार माणसांदेखत माझ्या हातात नारळ दिला, खांद्यावर लाल काठाचा टॉवेल टाकला. टॉवेलाच्या कडेला अनुसयेचे उसवलेले टाके अजून दिसत होते. टोपी तिनं पोरीच्या हातात दिली. पोरीचा हात पोचेना, म्हणून मी खाली गुडघ्यावर बसलो आणि तिनं ती माझ्या डोक्यावर ठेवली, वाकडी. मी सरळ केली नाही. तशीच घालून पिंपरीपर्यंत गाडी चालवली.